ग्रंथमालेची नोंद आणि वऱ्हाडचा अभ्यासक

अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेबांनी भूषविले. त्या काळातील त्यांची भाषणे अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकाने कोठे शोधावीत? महाराष्ट्र शासनाच्या, १९७९ साली सुरू झालेल्या ग्रंथमालेत ती खंड १८, भाग १ मध्ये आहेत. परंतु तालिकेत केवळ मालेचे नाव व खंडांक नोंदविला, तर शोध तेथेच खुंटतो. ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली स्वतंत्रपणे निघाला. १९९२ मध्ये तोच मालेचा अकरावा खंड झाला. तो बौद्ध धर्माच्या वर्गात ठेवावा की मालेसोबत? आमच्या मते माला एकत्रच राहावी; मात्र प्रत्येक खंडाची शीर्षकनोंद आणि आतील लेखनाची विश्लेषणात्मक नोंद हवीच. एरवी तिसऱ्या खंडातील (१९८७) ‘बुद्ध ऑर कार्ल मार्क्स’ कोणास दिसणार?