मुंज्याची जात आणि आपलं हसू



२०२४ च्या जूनमध्ये वस्तीतली सात-आठ पोरं घेऊन मी 'मुंज्या' बघायला गेलो होतो. पोरं हसून हसून बेजार झाली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. बाहेर वडापावच्या गाडीवर उभे असताना माझा नववीतला भाचा म्हणाला, "मामा, आपल्यात तर मुंज करत नाहीत. मग आपल्यातला पोरगा मेला तर तो मुंज्या होणार का नाही?" बाकीची पोरं त्यालाच हसली. मी त्या वेळी "भूतबित काही नसतं रे" म्हणून विषय संपवला. उत्तर बरोबर होतं, पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. भूत असतं का, असं त्याने विचारलंच नव्हतं. भुताला जात असते का, असं तो विचारत होता. त्याचंच उत्तर आज देतो.

असते.

मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेला, असा ब्राह्मणाचा मुलगा. तो पिंपळावर राहतो, ही जुनी समजूत. चित्रपटाने त्यात मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत मरण्याची अट घातली आहे, पण गाभा तोच. त्या पोराने कुणाचा खून केलेला असावा लागत नाही, पाप केलेलं असावं लागत नाही. त्याचा एक संस्कार अर्धवट राहिला, एवढंच. मग ज्याला संस्काराचा अधिकारच नाही, त्याचा संस्कार अर्धवट राहणार कसा? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्र संस्काराला पात्र नाही असं स्पष्ट म्हटलंय. दुसऱ्या अध्यायात मुंजीचं वय सांगितलंय, ब्राह्मणाचं आठवं, क्षत्रियाचं अकरावं, वैश्याचं बारावं वर्ष. पुढे कुणाचं नावच नाही. तेव्हा भाच्या, तू मेलास तरी मुंज्या होणार नाहीस. त्या धर्मशास्त्राने तुला भूत होण्याइतकंही मोजलेलं नाही.

यात फक्त आपणच बाहेर होतो असं समजू नका. कोल्हापुरात १८९९ साली वेदोक्त प्रकरण घडलं. खुद्द छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, पुराणोक्तावर भागवा, असं त्यांच्या पदरच्या भटजीने तोंडावर सांगितलं. भुताच्या या कायद्याने बघितलं तर छत्रपतींच्या राजवाड्यातही मुंज्या निघायला अडचणच होती.

बायकांचं काय? मनुस्मृतीच्या दुसऱ्याच अध्यायात आहे की विवाह हाच स्त्रीचा उपनयन संस्कार. आता आपल्याकडच्या बायकांच्या भुतांची नावं आठवा. अळवंत म्हणजे बाळंतपणात मेलेली. हडळ तिचीच बहीण. जखीण म्हणजे इच्छा अपुरी राहून मेलेली सवाष्ण. पुरुषाचं भूत मुंजीवरून, बाईचं भूत लग्न आणि बाळंतपणावरून. 'स्त्री' (२०१८) मधली चंदेरीची भुतीण आठवते? कलावंतीण होती, तिच्याशी लग्न करणारा एक माणूस निघाला आणि लग्नाच्या रात्रीच दोघांना मारलं, अशी तिची कथा. म्हणजे तिचाही संस्कार अर्धाच राहिला. मुसलमानाचं भूत वेगळं, त्याला खवीस म्हणायचं. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध त्याहून वेगळा, आणि तो सगळ्यांत जबर. ही यादी मी रचलेली नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती आली, त्यात यातली नावं अर्थासह सापडतात. पुढे एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणातल्या लोकसमजुतींवरचं पुस्तक काढलं, तेही चाळून बघा. त्याची माहिती जॅक्सनने गोळा केलेली होती. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेरेने गोळी घातली. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्याने भुताखेतांची उत्तरं मागवली होती. गंमत अशी की गोऱ्या साहेबाला भुतांची यादी करायची होती आणि त्याच्या हाती आली ती जातींची यादी.

आता ज्यांची भुतं या यादीत मोठ्या मानाने नाहीत, ते त्या गावात काय करत होते? ते भुताच्या वाटेवर चालत होते. महारवतनाची कामं आठवा. गावात कुणी मेलं की नातेवाइकांच्या गावी मरणाचा सांगावा पोचवायचा. दिवस असो, अमावास्येची रात्र असो, पाऊस असो. सरणाची लाकडं न्यायची. मेलेलं ढोर ओढायचं. रात्री वेशीवर पहारा द्यायचा. ज्या पिंपळाखालून जायला पाटलाचा आणि कुलकर्ण्याचा पोरगा दिवेलागणीनंतर थरथरत होता, त्याच पिंपळाखालून आपला आजा-पणजा हातात काठी घेऊन दहा-दहा कोस जात होता. भीती गावाची होती, चालणं आपलं होतं. त्याबद्दल मिळायचं काय, तर बलुत्याचे चार दाणे आणि शिळी भाकर. या गुलामगिरीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतन सुधारणेचं बिल आणलं होतं. आपल्या पूर्वजांना भुताची भीती वाटत नव्हती असं मी म्हणत नाही, वाटत असणारच. पण घाबरून घरी बसायची सवलत त्यांना नव्हती. कुणीतरी यावर भयपट काढावा. मरणाचा सांगावा घेऊन निघालेला एक महार आणि मधे पाच गावांच्या वेशी. त्यात भूत घालायची गरजच पडणार नाही.

'मुंज्या'ची कथा १९५२ च्या कोकणात सुरू होते. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. कोकण छान दिसतं, समुद्र, झाडी, जुनी घरं, सगळं झकास. गोट्या नावाचा पोरगा, त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर त्याचा जीव, घरच्यांनी जबरदस्तीने केलेली मुंज, मग बहिणीचाच बळी द्यायला निघालेला गोट्या आणि त्यात त्याचंच मरण. ठीक. पण १९५२ चं कोकण म्हणजे काय होतं? बाबासाहेबांचं आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, त्या भागातल्या कुळांना पिढ्यान्‌पिढ्या झोप उडवणारी एकच गोष्ट माहीत होती. खोत! पिकाचा मोठा वाटा उचलणारा, वेठीला धरणारा, मनात आलं की कुळाला जमिनीवरून काढणारा. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल मुंबई विधानसभेत मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळं बोटीतून मुंबईला आली आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. त्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. म्हणजे चित्रपटातलं ते साल उजाडतं तेव्हा कोकणातल्या खोताच्या पायाखालची जमीन नुकतीच सरकलेली आहे. आणि पडद्यावर मात्र गावाला एकच धोका आहे, मुंज झालेला एक हट्टी पोरगा. कुळ कुठेच नाही. दिग्दर्शकाने ते मुद्दाम लपवलं असा आरोप मी करत नाही. त्याला ते दिसलंच नसावं, आणि मला जास्त लागतं ते हेच. कारण याच सरपोतदारांनी २०२२ च्या 'झोंबिवली'त डोंबिवलीतली टोलेजंग सोसायटी आणि शेजारची पाण्यासाठी तरसणारी वस्ती समोरासमोर उभी केली होती. झोंबीला जात नसते, म्हणून तिथे वस्ती दिसली की काय कोण जाणे. पुढे २०२५ च्या दिवाळीत त्यांचा 'थामा' आला. त्यात गावकुसाबाहेरच्या आपल्या शेंदरी दगडातला वेताळ रक्तपिपासू होऊन बसला. त्याच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

काही मित्र म्हणतील, दादा, विनोदी सिनेमा आहे, कशाला एवढं मनावर घेता? घेतो, कारण भीती आणि विनोद एकत्र आणायची कल्पना काही या निर्मात्यांची नाही. ती आपल्याकडे १८५५ सालीच झाली होती. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं १८४३ मध्ये. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं १८८० मध्ये. या दोघांच्या मधे जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. काय आहे त्यात? गरोदर कुणबी बाई. दारात जोशी. तुझ्या पोटातल्या लेकरावर ग्रहांची पीडा आहे, ब्राह्मणभोजन घाल. बाई घाबरते, नवरा कर्ज काढतो, जोशी आणि त्याचे भाऊबंद जेवून जातात. आणि मधूनमधून विदूषक येऊन प्रेक्षकांच्या कानात सांगतो की बघा हा कसा लुटतोय. भीतीही आहे आणि हसूही आहे, पण हसू घाबरणाऱ्या बाईला नाही. भीती विकणाऱ्या जोशाला आहे. शेवटी ते नवरा-बायको कुठल्या मांत्रिकाकडे जात नाहीत, जोतीराव-सावित्रीमाईंच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं चाललं नाही आणि ते नाकारलं गेलं, असं त्यांनी 'गुलामगिरी'त सांगितलंय. नाटक छापून यायला १९७९ उजाडलं. सव्वाशे वर्षं! या काळात सत्यशोधक जलसे झाले, पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे झाले, आणि त्यांतही हसण्याची दिशा तीच राहिली, भटजी, सावकार, खोत यांच्याकडे.

आजच्या भुताच्या विनोदी सिनेमात ही दिशा कशी फिरली ते एका मालिकेतच दिसतं. मल्याळममध्ये १९९३ ला 'मणिचित्रताळ' आला. हवेलीत भूत आहे असं सगळे म्हणतात आणि शेवटी मनोविकारतज्ज्ञ सांगतो की घरातल्या सुनेला मनाचा आजार आहे. पूजाविधी होतो, पण उपचाराचं नाटक म्हणून. त्याचाच हिंदी 'भूल भुलैया' २००७ चा, तिथेही डॉक्टरच. मग २०२२ ला दुसरा भाग आला. डॉक्टर गेला, भूत खरं निघालं, आणि नायक कोण, तर भुतांशी बोलतो म्हणून लोकांना फसवणारा रूह बाबा! तो आपल्याला आवडावा अशीच मांडणी आहे.

या पंधरा वर्षांच्या मधे काय झालं ते पुण्याच्या पोरांना तरी सांगायला नको. २० ऑगस्ट २०१३, सकाळची वेळ, ओंकारेश्वराजवळचा पूल, डॉ. नरेंद्र दाभोलकर. ज्या कायद्यासाठी ते अनेक वर्षं सरकारचे उंबरे झिजवत होते, त्याचा वटहुकूम त्यांचं रक्त सांडल्यावर आठवडाभरात निघाला. डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात 'महाराष्ट्र'नंतर पहिलाच शब्द नरबळी आहे. 'मुंज्या'चा नायक याच पुण्यात आईच्या पार्लरमध्ये काम करतो. त्याच्या घराण्यावरचं संकट नरबळीच्या प्रयत्नातूनच आलेलं आहे. पण चित्रपटात कुणालाही तो कायदा आठवत नाही. येतो तो एल्विस करीम प्रभाकर नावाचा मांत्रिक. तीन धर्मांची नावं एकत्र केली म्हणजे सर्वधर्मसमभाव झाला! तो थोडा भोंदू दाखवलाय, त्याच्यावर विनोदही आहेत, पण शेवटी भूत खरंच असतं आणि विधी खरंच लागू पडतो. १९९३ च्या 'झपाटलेला'तही मृत्युंजय मंत्र खरा होता, तेव्हा हा रोग काल-परवाचा नाही. फरक इतकाच की तात्या विंचू एक बाहुला होता. आता एकाच निर्मात्याचं अख्खं भूतविश्व उभं आहे, आणि 'स्त्री २' त्या वर्षीच्या सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला.

'स्त्री'बद्दल मात्र मी थोडा हात आखडता घेतो. पुरुषांनी रात्री घराबाहेर पडायला घाबरायचं, बायकोने नवऱ्याला बजावायचं, हा उलटा डाव मला मनापासून आवडला. भिंतीवर लिहिलेलं वाचून परत जाणारी साक्षर भुतीण हीसुद्धा कल्पना भारी आहे. तिला जाळून-पुरून संपवण्याऐवजी तिचा मान राखावा, इथपर्यंत तो सिनेमा येतो. पण कलावंतिणीचं घर गावात कुठे असतं, तिथे कुठल्या जातीच्या पोरी पोचतात, हे विचारायच्या आधी गाणं सुरू होतं. मुरळी आणि जोगतिणींच्या सुटकेसाठी झटलेल्या आपल्या चळवळीला तरी हे विचारावंच लागेल.

आणि आपल्या घरातलंही बोलू. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी श्राद्धपक्ष, पिंडदान आणि ब्राह्मणाच्या हातचे विधी सोडायची प्रतिज्ञा दिली. मेलेल्या माणसाचा आत्मा अडकतो, त्याला सोडवायला मध्यस्थ लागतो, ही भुताच्या सगळ्या धंद्याची मुळी त्यांनी तिथेच तोडली. तरी आमच्या गल्लीत लिंबू-मिरची टांगलेली रिक्षा आहे, मागे निळा झेंडा. एका ताईचं बाळ रडायचं थांबेना, तर तिने आधी भगताकडे नेलं, डॉक्टरकडे तिसऱ्या दिवशी. मी तिच्यावर चिडलो. नंतर कळलं, डॉक्टरची फी तिच्याकडे नव्हती आणि भगताने उधारी चालवून घेतली होती. तिच्यावर हसणं सोपं आहे. जोतीरावांचा विदूषक तिच्यावर हसला नसता.

सिनेमावर बंदी घाला असं मी म्हणणार नाही, पोरांना थिएटरात जाऊ नका असंही नाही. मी स्वतः पुढचा भाग बघायला जाणार आहे. पण यंदा ११ एप्रिलला आम्ही बुद्धविहारात 'तृतीय रत्न' बसवतोय. 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या सरकारी ग्रंथात संहिता आहे, आम्ही तिच्या झेरॉक्स काढल्या. भाषा जुनी आहे, पण दोन-तीन वाचनांत पोरांच्या तोंडात बसायला लागली. अडचण वेगळीच आली आहे. विदूषक व्हायला पाच जण तयार आहेत, जोशी व्हायला कुणीच नाही. भाचा म्हणतो, "मामा, तू हो." मी शेंडी लावायला तयार आहे, पण पोट कमी पडतंय असं पोरांचं मत पडलं. कुणाला यायचं असेल तर रोज संध्याकाळी सातला तालीम असते.