अंकीय छायाचित्र-परिणाम

छायाचित्र संगणकात अंकरूपाने साठविल्यानंतर त्यात प्रकाश, सावली, धूसरता, कण, पोत इ. गुण गणिती क्रियेने उत्पन्न करणे, व तेही असे की छायाचित्र घेतानाच ते त्यात उतरले असावेत असे पाहणाऱ्यास वाटावे, या तंत्रास अंकीय छायाचित्र-परिणाम असे म्हणता येईल. अशा क्रियांसाठी मूळ चित्रसंस्करण आज्ञावलीला बाहेरून जोडता येणाऱ्या लहान आज्ञावली वापरल्या जातात; त्यांना प्लगइन म्हणतात. प्रकाशकी व छायाचित्र-रसायन या शास्त्रांनी भिंगाचे आणि फिल्मचे जे दोष दूर करण्यासाठी शंभरावर वर्षे खर्ची घातली, नेमके तेच दोष हिशोबाने परत निर्माण करण्याचे कार्य यांपैकी पुष्कळशा प्लगइनांनी केले आहे. निर्दोष अंकीय चित्र डोळ्याला खोटे वाटते आणि सदोष चित्र खरे वाटते, या अनुभवावर हे तंत्र मोठ्या प्रमाणात उभे आहे.

पूर्वपीठिका : वास्तवाचा आभास कृत्रिम उपायांनी साधण्याची प्रथा छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील कलोडियन पायस निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे समुद्राचे छायाचित्र घेताना पाणी नीट उमटावे इतके उद्भासन दिले, की आकाश कोरे पांढरे निघे. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) यांनी १८५६-५७ च्या सुमारास आकाश व समुद्र यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह घेऊन त्या एकाच कागदावर छापल्या. प्रेक्षकांना हे जोडचित्रच अधिक खरे वाटले आणि एका अर्थी ते खरेही होते; कारण डोळ्याला दिसणारे ढग त्यात होते, एकेरी निगेटिव्हमध्ये नव्हते. इंग्लंडमध्ये ऑस्कार रेइलँडर (१८१३–७५) यांनी १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्हांपासून एक चित्र सिद्ध केले, तर हेन्री पीच रॉबिन्सन (१८३०–१९०१) यांच्या १८५८ मधील मृत्युशय्येवरील तरुणीच्या चित्रासाठी पाच निगेटिव्ह लागल्या. छायाचित्रात ‘खोटे’ किती चालावे हा वाद तेव्हापासूनचा आहे.

अंकीय प्रतिमेचा आरंभ १९५७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत झाला. तेथे रसेल कर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छायाचित्र १७६ × १७६ चित्रबिंदूंमध्ये विभागून संगणकात उतरविले. चित्रे जुळविण्याचे व रंगविण्याचे संगणकीय काम १९८० च्या सुमारास शक्य झाले. परंतु सायटेक्स, क्वाँटेल यांसारख्या कंपन्यांची महागडी यंत्रे मोठ्या मुद्रणालयांना व दूरचित्रवाणी केंद्रांनाच परवडत. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिक मासिकाच्या मुखपृष्ठासाठी गीझा येथील पिरॅमिडांचे आडवे छायाचित्र अशाच यंत्रावर उभ्या चौकटीत बसविण्यात आले आणि त्यासाठी पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. त्यावरून बराच गदारोळ झाला. एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही : सरकविल्याची खूण चित्रात दिसत नव्हती.

या काळात दोन सैद्धांतिक पायऱ्या पूर्ण झाल्या. प्रत्येक चित्रबिंदूला तांबड्या, हिरव्या व निळ्या मूल्यांबरोबर पारदर्शकतेचे चौथे मूल्य देण्याच्या कल्पनेला टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये पद्धतशीर बीजगणिताचे रूप दिले. एक प्रतिमा दुसरीवर बेमालूम बसविण्याच्या पुढील सर्व पद्धती यावर आधारलेल्या आहेत. १९८५ मध्ये केन पर्लिन यांनी नियंत्रित यादृच्छिकतेचे एक फलन प्रसिद्ध केले. संगणकाने काढलेले पृष्ठभाग यंत्रवत गुळगुळीत दिसतात, या असमाधानातून ते जन्मले होते. ढग, धूर, संगमरवर, लाकडाच्या रेषा असे निसर्गाच्या अनियमिततेचा भास देणारे पोत त्यातून निर्माण होऊ लागले. या कार्याबद्दल पर्लिन यांना १९९७ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

प्लगइनांचा उदय : मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी टॉमस नोल (१९६०– ) यांनी १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकावर करड्या छटांच्या प्रतिमा दाखविणारी एक आज्ञावली लिहिली. त्यांचे बंधू जॉन नोल (१९६२– ) हे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या चित्रपटीय दृक्परिणामांच्या संस्थेत काम करीत. दोघांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेली आज्ञावली अडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. टॉमस यांनी आज्ञावलीचा गाभा लिहिला, तर जॉन यांनी परिणामांचे अनेक तुकडे स्वतंत्रपणे रचले. कंपनीतील काहींना हे परिणाम म्हणजे केवळ करामती वाटत. ते गाभ्यात न घालता बाहेरून जोडण्याची सोय झाल्यामुळेच आज्ञावलीबरोबर बाहेर पडू शकले. कॅलिफोर्नियातील सिलिकन बीच या कंपनीच्या डिजिटल डार्करूम या आज्ञावलीत अशी जोडसोय त्याआधीच होती. परंतु फोटोशॉपच्या प्रसारामुळे तिला सर्वमान्य स्वरूप आले. इतरही उत्पादकांनी आपल्या आज्ञावलींत फोटोशॉपची प्लगइने चालतील अशी व्यवस्था केली.

प्लगइनाची कार्यपद्धती साधी आहे. यजमान आज्ञावली प्रथम त्याला आवश्यक त्या राशी वापरणाऱ्यास विचारू देते, मग किती स्मृती लागेल ते ठरवून घेते आणि नंतर प्रतिमेचा एक एक आयताकार तुकडा त्याच्या हवाली करते. प्लगइन त्यातील संख्या बदलून तो तुकडा परत करते व शेवटी काम संपल्याचे कळविते. त्या काळच्या संगणकांची स्मृती फारच थोडी असल्यामुळे ही तुकड्यातुकड्यांची पद्धत अपरिहार्य होती. तिचा मोठा लाभ असा, की मूळ आज्ञावलीचे अंतरंग माहीत नसलेला एखादा एकटा गणिती किंवा छायाचित्रकारही त्यात भर घालू शके.

प्रकाश व सावली : जॉन नोल यांच्या परिणामांपैकी सर्वाधिक गाजलेला म्हणजे लेन्स फ्लेअर. कॅमेरा तेजस्वी प्रकाशस्रोताकडे रोखला असता भिंगांच्या पृष्ठभागांवरून होणाऱ्या परावर्तनांमुळे चित्रात वर्तुळांची माळ व तेजोवलये उमटतात. लेपनरहित काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दहा पृष्ठभागांच्या भिंगसंचातून जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश सरळ पार जातो व उरलेल्याचा काही भाग भटकून चित्रावर पडतो. झाइस कंपनीतील अलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधी लेपन सिद्ध केले ते हा दोष घालविण्यासाठीच. मात्र पुढे ईझी रायडर (१९६९) सारख्या चित्रपटांत ही वलये हेतुतः राहू दिली गेली आणि ‘येथे खरा कॅमेरा व खरा सूर्य होता’ याची ती खूण बनली. संगणकाने काढलेल्या दृश्यात भिंगच नसते, म्हणून वलयेही नसतात. ती घातली की दृश्याला साक्षीदार मिळाल्यासारखे होते. १९९० नंतरच्या जाहिरातींत व पुस्तकांच्या वेष्टनांवर या परिणामाचा एवढा अतिरेक झाला, की वास्तवाची खूण लवकरच संगणकाची खूण ठरली.

सावलीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. एलियन स्किन या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कंपनीच्या आरंभीच्या प्लगइन-संचात आकृतीमागे सावली टाकण्याची सोय होती : आकृतीची काळी प्रत करावयाची, ती थोडी बाजूला सरकवावयाची व धूसर करावयाची. या सावलीने आकृती कागदापासून उचलल्यासारखी दिसते. पण जमिनीवर उभा माणूस तिने कधीच खरा वाटत नाही. सूर्य हा बिंदुस्रोत नसून त्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे. त्यामुळे वस्तूपासून १ मी. अंतरावर पडलेल्या सावलीची कड सुमारे ९ मिमी. रुंदीत धूसर होते, तर वस्तू जमिनीला टेकते तेथे ती धारदार असते. शिवाय उघड्यावरील सावली काळी नसते. तीत आकाशाचा निळसर प्रकाश मिसळलेला असतो. एकसारख्या धूसर, काळ्या सावलीवरून जोडचित्र ओळखू येते ते यामुळे.

धूसरता : गणितज्ञ गाउस यांच्या नावाने ओळखली जाणारी धूसरता म्हणजे प्रत्येक चित्रबिंदूच्या जागी त्याच्या शेजाऱ्यांची भारित सरासरी घेणे होय. ती जलद व सोयीची आहे. परंतु कोणतेही भिंग अशा रीतीने धूसर करीत नाही. केंद्राबाहेर गेलेला तेजस्वी बिंदू भिंगाच्या छिद्राच्या आकाराची, स्पष्ट कडेची तबकडी होऊन उमटतो. तसे अंकीय चित्रात घडविताना वेगळीच अडचण येते. सर्वसाधारण चित्रात प्रत्येक रंगाचे मूल्य ० ते २५५ या मर्यादेत असते. पांढरा सदरा आणि दिव्याची ज्योत दोन्ही २५५ वरच थांबतात. खऱ्या दृश्यात ज्योत सदऱ्याच्या कित्येक पट तेजस्वी असल्याने तिची तबकडी झळकते. संगणकाला हा भेद कळत नसल्याने ती मळकट होऊन पसरते. २००३ मध्ये फोटोशॉपमध्ये आलेल्या भिंगधूसरतेच्या परिणामात छिद्राच्या पात्यांची संख्या निवडण्याबरोबरच विशिष्ट मर्यादेवरील बिंदू कृत्रिमपणे उजळण्याचीही सोय होती ती यासाठीच.

फिल्मचे कण : या क्षेत्रातील सर्वांत विलक्षण प्रकरण हेच होय. फिल्मवरील पायसात सिल्व्हर हॅलाइडाचे असंख्य स्फटिक विखुरलेले असतात. विकसनानंतर त्यांचे चांदीचे कण होतात व त्यांच्या गर्दीने छटा तयार होते. कण कमी करण्यासाठी फिल्म-उत्पादकांनी अनेक दशके संशोधन केले. अंकीय कॅमेऱ्याने कण नाहीसेच केले तेव्हा त्वचा मेणासारखी व आकाश प्लॅस्टिकसारखे दिसते अशी तक्रार सुरू झाली. आरंभीच्या प्लगइनांनी प्रत्येक बिंदूच्या मूल्यात यादृच्छिक संख्या मिळवून काम भागविले. ते वाळू शिंपडल्यासारखे दिसे. खरे कण एका चित्रबिंदूत बसत नाहीत, त्यांचे पुंजके होतात, आणि ते मध्यम छटांत सर्वाधिक उठून दिसतात. २००६ मध्ये एलियन स्किन कंपनीने एक्स्पोझर हे प्लगइन काढले, त्यात विशिष्ट फिल्मांचे कण, रंग व छटाभेद यांची नक्कल होती. जर्मनीत उगम पावलेल्या निक कंपनीने कृष्णधवल छायाचित्रणासाठी असेच कार्य केले. फ्रान्समधील संशोधक ए. न्यूसन, ब्रूनो गालेर्न व जुली देलाँ यांनी २०१७ मध्ये कणांचे आकार व स्थाने संभाव्यतेच्या नियमांनी ठरवून, चित्र कितीही मोठे केले तरी कण कणच राहतील असे प्रतिमान मांडले.

दरम्यान मूळ वस्तूच नाहीशी होत होती. १९३५ पासून प्रसिद्ध असलेल्या कोडाक्रोम फिल्मचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि ती विकसित करणारी कॅन्ससमधील शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस तिचे रोळ घेणे बंद करती झाली. त्यानंतर ‘कोडाक्रोमसारखे’ चित्र हे केवळ आज्ञावलीनेच मिळू शकते, व ते कितपत तसे आहे हे नव्या चित्राशी ताडून पाहण्याची सोय उरलेली नाही.

व्यापार व प्रसार : १९९२ मध्ये काय क्राउझे यांच्या नावाने आलेल्या काइज पॉवर टूल्स या संचाने प्लगइनांना लोकप्रियता मिळवून दिली. त्यातील दुमडलेल्या पानाचा कोपरा आता फार जुनाट वाटतो. पण अपूर्णमितीय आकृत्यांचे गणित त्याने सामान्य चित्रकाराच्या हाती दिले, हे श्रेय नाकारता येत नाही. या व्यवसायात यश हेच धोक्याचे असे. मागणी सिद्ध झालेला परिणाम यजमान आज्ञावली स्वतःतच सामावून घेई; १९९८ मधील फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत सावली अंगभूत झाली. निक कंपनी २०१२ मध्ये गूगलने घेतली, २०१६ मध्ये तिचा संच विनामूल्य केला आणि २०१७ मध्ये तो डीएक्सओ या फ्रेंच कंपनीस विकला. याला समांतर असा मुक्त आज्ञावलींचा प्रवाह आहे. बर्कली येथील विद्यार्थी स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये आरंभिलेल्या गिंप या आज्ञावलीत प्लगइन स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालते. त्यामुळे ते कोसळले तरी यजमान शाबूत राहते.

विश्वासार्हतेचा प्रश्न : २७ जून १९९४ च्या टाइम साप्ताहिकाने एका आरोपीचे पोलिसांनी घेतलेले छायाचित्र मुखपृष्ठावर काळवंडून छापले, तेच छायाचित्र न्यूजवीकने न बदलता छापले होते. दोन्ही अंक विक्रीच्या मांडणीवर शेजारी आल्यामुळे फरक उघड झाला व टाइमच्या संपादकांना खुलासा करावा लागला. येथे काही जोडलेले वा वगळलेले नव्हते. केवळ छटा बदलल्या होत्या, आणि छटा बदलणे हे तर अंधाऱ्या खोलीतील नित्याचे काम. सीमारेषा कोठे आखावी याविषयी वृत्तसंस्थांचे नियम यानंतर कडक होत गेले. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीतील २० टक्के छायाचित्रे संस्करणाच्या कारणावरून बाद ठरली.

फेरफार शोधण्याचे शास्त्र याच काळात वाढले. हॅनी फरीद व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या दिशेतील विसंगती व नक्कल केलेले भाग शोधण्याच्या रीती मांडल्या. यान लुकाश, जेसिका फ्रिड्रिख व मिरोस्लाव्ह गोल्यान यांनी २००६ मध्ये दाखविले, की प्रत्येक कॅमेऱ्याच्या संवेदकाची स्वतःची अशी सूक्ष्म अनियमितता चित्रात उमटते व तिच्यावरून कॅमेरा ओळखता येतो. म्हणजे पुराव्याचा आधारही पुन्हा एक दोषच आहे. मेद्य असे, की वर वर्णिलेले कण चित्रावर पसरले की ही खूण क्षीण होते. सौंदर्यासाठी केलेली निरागस क्रिया पुराव्याच्या दृष्टीने निरागस राहत नाही. २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये शब्दांत सांगितलेला भाग चित्रात नव्याने निर्माण करण्याची सोय आली. तिच्यात वलये, कण व धूसरता स्वतंत्रपणे घालावी लागत नाहीत, कारण असंख्य खऱ्या छायाचित्रांतून ती प्रणाली हे दोष आधीच शिकलेली असते. चित्राबरोबर त्याच्या संस्करणाची सांकेतिक नोंद ठेवण्याचे एक मानक अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी इ. संस्थांनी २०२१ पासून विकसित केले आहे. ही नोंद चित्रात बदल झाला की नाही हे सांगते. मात्र चित्राची पडद्यावरून नवी प्रत घेतल्यास ती मागेच राहते.