गच्चीची गळती : दुरुस्ती कशी आणि कोणाच्या खर्चाने?

ठाणे : मृगाच्या सरी सुरू झाल्या की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील जुन्या इमारतींत शेवटच्या मजल्यावरील रहिवाशांची धावपळ सुरू होते. छताला ओल धरते, रंगाचे पोपडे सुटतात आणि पंख्याच्या हुकाजवळून पाणी ठिबकू लागते. बादल्या लावून पावसाळा निभावून नेण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. मात्र गळती ही केवळ गैरसोय नसून इमारतीच्या आयुष्याशी निगडित बाब आहे.

गळतीचे दुष्परिणाम

काँक्रीटमधील अल्कलीमुळे आतील लोखंडी सळया सुरक्षित राहतात. वर्षानुवर्षे हवा आणि पाणी झिरपत राहिल्यास हे संरक्षण संपते व सळया गंजू लागतात. गंजलेले लोखंड फुगून मूळ आकारमानाच्या अनेक पट जागा व्यापते. त्याच्या दाबाने काँक्रीटला भेगा पडतात, गिलाव्याचे तुकडे कोसळतात आणि उघड्या पडलेल्या सळया अधिक वेगाने गंजतात. भिंतीत दडविलेल्या वायरिंगपर्यंत ओल पोचल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोकाही संभवतो.

इमारती कमकुवत झाल्यास काय घडते, याचा अनुभव या परिसराने घेतला आहे. जुलै 2015 मध्ये ठाकुर्लीतील 'मातृकृपा' ही जुनी इमारत कोसळून नऊ जणांचा बळी गेला. त्यानंतर आठवडाभरातच ठाण्याच्या नौपाड्यात 'कृष्णा निवास' कोसळली. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेतील 'सप्तशृंगी' इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळला आणि सहा जण दगावले. जुन्या इमारतीत तोडफोडीचे काम अभियंत्याच्या सल्ल्याविना करू नये, हा यातील धडा होय.

दुरुस्तीचा योग्य क्रम

प्रथम पाणी नेमके कोठून येते ते शोधावे. पावसाळ्यातच गळत असल्यास गच्ची, पॅरापेट किंवा बाहेरील भिंतीच्या भेगा तपासाव्यात. बारमाही ओल असल्यास पाण्याची टाकी, नळवाहिनी अथवा वरच्या घराचे न्हाणीघर पाहावे. भेगांत उगवलेली पिंपळाची रोपे मुळासकट काढणे आवश्यक असते.

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा 'कोबा' ही आपल्याकडील रूढ पद्धत. कोब्याला पाणी जाण्याच्या पाइपाकडे शंभरास एक इतका उतार असावा आणि पॅरापेटच्या कडेला गोलाकार 'वाटा' काढावा. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढविणे मात्र धोक्याचे. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरते आणि तेवढा भार स्लॅबवर वाढतो. जुना थर काढूनच नवे काम करावे. काम संपल्यावर गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून चाचणी घ्यावी.

आतून गिलावा करून रंग देणे हा उपाय नव्हे. सुटलेले काँक्रीट काढून, सळया घासून, त्यांना गंजरोधक लेप देऊन पॉलिमरयुक्त मॉर्टरने भरणी करावी लागते. भिंत पूर्ण वाळल्यावरच रंगकाम करावे.

खर्च कोणाचा?

2014 च्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी आहे. गच्चीतून पावसाचे पाणी झिरपून शेवटच्या मजल्यावरील छत व त्याचा गिलावा खराब झाल्यास तो खर्चही सोसायटीनेच करावयाचा असतो. 'गळती तुमच्या घरात, तुम्हीच पाहा' हे उत्तर त्यामुळे ग्राह्य नाही. यासाठीच सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत जमा करण्याची तरतूद आहे. सदनिकेच्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र सभासदाला सोसावा लागतो.

उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतींचे दर पाच वर्षांनी, तर त्याहून जुन्या इमारतींचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करणे अपेक्षित आहे. पालिका धोकादायक इमारतींचे वर्गीकरण करतात. 'सी-1' म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकाम्या करण्याजोग्या इमारती. 'सी-2 ए' इमारती रिकाम्या करून, 'सी-2 बी' इमारती रिकाम्या न करता दुरुस्त करायच्या असतात. 'सी-3' मध्ये किरकोळ दुरुस्तीच्या इमारती येतात.

दिवाळीनंतर पाहणी, उन्हाळ्यात काम आणि पावसापूर्वी चाचणी, हे वेळापत्रक सोसायट्यांनी पाळावे. पहिली सर पडल्यावर ताडपत्रीखेरीज हाती काही उरत नाही.