रस्ता आणि ट्रॅकसाठी चाकांचे अलाइनमेंट

रोज रस्त्यावर धावणारी मोटार अधूनमधून रेसिंग ट्रॅकवर उतरत असेल, तर व्हील अलाइनमेंट करताना दोन्ही गरजांचा मेळ घालावा लागतो. त्यात तीन कोन महत्त्वाचे असतात.

कॅम्बर : वेगाने वळताना मोटार बाहेरच्या बाजूस कलते आणि भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. चाकाचा माथा आत झुकविल्यास, म्हणजे ऋण कॅम्बर दिल्यास, वळणावर टायर सपाट टेकतो. मात्र, सरळ रस्त्यावर त्याची आतली कड झिजते. दीड ते दोन अंश ऋण कॅम्बर ही सर्वसाधारणपणे मधली वाट ठरते.

टो : पुढची चाके समोरून किंचित बाहेर वळलेली असल्यास मोटार चटकन वळते, पण टायर सतत घासले जातात. म्हणून रस्त्यासाठी टो शून्याजवळ ठेवावा. कॅम्बर बदलला की टोही बदलतो. त्यामुळे तो शेवटी जुळवावा.

कॅस्टर : तो वाढविल्यास स्टिअरिंग थोडे जड होते, पण वळणावर बाहेरच्या चाकास जादा ऋण कॅम्बर मिळतो. टायरची झीज मात्र फारशी वाढत नाही.

आतल्या कडेची झीज सहज दिसत नाही. ट्रॅकवरून परतल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवून ती तपासावी. गुळगुळीत झालेला टायर पावसाळी रस्त्यावर घात करू शकतो.