दत्तकाचा उलटा प्रवास

मराठी मुलखातल्या दत्तकाच्या जुन्या गोष्टींत प्रवास करायचे ते मूल. घेणारी मंडळी वाड्यात, गढीत किंवा राजवाड्यात बसून असत. मुलगा निवडून, न्हाऊमाखू घालून त्यांच्यापुढे आणला जाई. आईबापांनी स्वतः सामान बांधायचे, परक्या गावी जायचे आणि कधीही न पाहिलेल्या बाळापुढे उभे राहायचे, ही रीत फार जुनी नाही. ती कशी रुजली याचा इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि काही ठिकाणी अंगावर काटा आणणाराही.

जुन्या रीतीचा सर्वांत ठसठशीत नमुना १८७५ सालचा. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी पदच्युत केले. वारस हवा होता. आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तकाची परवानगी मिळाली आणि गायकवाडांच्या दूरच्या शाखेचा शोध सुरू झाला. ही शाखा सापडली नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळच्या कवळाणा गावी, शेती करून राहणारी. काशीराव गायकवाडांची मुले बडोद्याला नेण्यात आली. कशासाठी आलात, असे महाराणींनी एकेकाला विचारले. बारा वर्षांच्या गोपाळने, राजा व्हायला आलो, असे बेधडक सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे रोजी दत्तविधान झाले आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव झाला. तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे याच माणसाने संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले.

बडोद्याचे नशीब की हे १८५७ नंतर घडले. त्याआधी साताऱ्याच्या गादीचा दत्तक १८४८ मध्ये आणि झाशीचा दामोदरराव १८५४ मध्ये डलहौसीने नाकारला होता. कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, तेव्हा कुठे ही भीती गेली. या सगळ्या उलाढालीत कुणाला मूल हवे होते म्हणून दत्तक घेतला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. हवा होता तो वारस: गादीला, वतनाला, जमिनीला आणि पिंडदानाला.

सामान्य घरांतही हिशेब तोच, फक्त आकडा लहान. भावाचा धाकटा मुलगा मांडीवर घ्यायचा, दत्तहोम करायचा, पुढे दत्तकपत्र नोंदवायचे. त्यामागचे शास्त्र मराठवाड्याला परके नव्हते. मुंबई इलाख्यात ज्याला मोठे प्रमाण मानले गेले त्या ‘व्यवहारमयूख’ ग्रंथाचा कर्ता नीलकंठ भट्ट काशीचा, पण त्याचे घराणे मूळचे पैठणचे. मयूखाची दृष्टी इतर शास्त्रकारांपेक्षा सैल होती. लग्न झालेला, पोराबाळांचा बापसुद्धा दत्तक जाऊ शकतो, असे तो सांगतो. नवऱ्याची आज्ञा नसतानाही विधवेला दत्तक घेता येतो, हे मुंबई हायकोर्टाने १८६८ मध्ये मान्य केले. मराठवाडा, त्यात भोकरदन तालुक्यातले केदारखेडा गावही, तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबईचे निकाल तिथे थेट लागू नव्हते. मुलगी दत्तक घेण्याची कायदेशीर सोय मात्र ना मुंबईत होती ना निजामाकडे. ती आली १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने.

याच भोकरदन-जाफराबाद पट्ट्यात, असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या सेनापतीबद्दल आपल्याकडे आपुलकीने बोलायचे कारण नाही. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. असईच्या तीन वर्षे आधी त्याने धोंडिया वाघाला लढाईत मारले, तेव्हा शत्रूच्या सामानसुमानात चार वर्षांचा एक मुलगा सापडला, धोंडियाचा सलाबतखान. वेलस्लीने त्याला आपल्या आश्रयाला घेतले आणि १८०५ मध्ये हिंदुस्थान सोडताना त्याच्या संगोपनासाठी पैसे ठेवले. मुलगा मोठा होऊन म्हैसूरच्या राजाच्या चाकरीत लागला आणि १८२२ मध्ये पटकीने वारला. साहेब विलायतेला गेला, मूल इथेच राहिले. परदेशी पालक आणि हिंदुस्थानी पोर या नात्याचा हा अर्धामुर्धा, जुना दाखला.

वारस नको, मूलच हवे, किंवा मुलालाच कुणीतरी हवे, हा विचार मराठी समाजात आणला तो फुले दांपत्याने. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी जाहीर पत्रके लावली. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतः दत्तक घेतला, तो यशवंत. भाऊबंद असताना, जात वेगळी असताना, आईचे नाव उघड असताना घेतलेला हा दत्तक त्या काळच्या सगळ्या हिशेबांत न बसणारा होता. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या, तेव्हा डॉक्टर झालेला यशवंत रुग्णांवर उपचार करत होता. पंढरपुरात सबजज्ज लालशंकर उमियाशंकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी १८७५ मध्ये अर्भकालय काढले. तेच पुढचे नवरंगे बालकाश्रम. वारीच्या गर्दीत मूल सोडून जाणे सोपे, म्हणून पंढरपूर. ज्या वर्षी बडोद्याला वारसाची शोधाशोध चालली होती, त्याच वर्षी भीमेकाठी कुणालाच नको असलेल्या बाळांसाठी छप्पर उभे राहिले.

अशा आश्रमांत मुले वाढत, पण घरे थोडीच मिळत. जात कळत नाही, रक्त कुणाचे ठाऊक नाही, हीच भीती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडन, अमेरिका, जर्मनी, हॉलंड, स्वित्झर्लंड इथली जोडपी भारताकडे पाहू लागली. त्यांना ना जातीचे सोयरसुतक ना पिंडाचे. पुणे-मुंबईच्या संस्थांकडे परदेशातून पत्रे येऊ लागली. अडचण होती कायद्याची: परदेशी ख्रिस्ती जोडप्याला इथे दत्तक घेताच येत नव्हते. मग १८९० चा पालक-पाल्य कायदा कामी आला. कोर्टाने परदेशी जोडप्याला पालक नेमायचे, मुलाला देशाबाहेर न्यायची परवानगी द्यायची, आणि दत्तकाचे उरलेले सोपस्कार त्यांनी आपल्या देशात करायचे.

या काळात पुष्कळदा आईबाप येतच नसत. फोटो पोस्टाने जाई, होकार पोस्टाने येई, आणि बाळ सोबत्याच्या कडेवर विमानात बसे. आईबापांची आणि मुलाची पहिली भेट स्टॉकहोम किंवा झुरिकच्या विमानतळावर. म्हणजे कवळाण्याचीच रीत, फक्त बैलगाडीच्या जागी विमान!

जे आले त्यांची गोष्ट वेगळी घडली. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात एक मुलगी जन्मली. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘सोफोश’ या संस्थेच्या ‘श्रीवत्स’ केंद्रात तिला ठेवले होते आणि लैला असे नाव दिले होते. त्याच सुमारास मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत मिशिगनला राहणारे हरेन स्थळेकर व त्यांच्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पत्नी सू भारतात आले होते. एक मुलगी त्यांनी आधीच भारतातून दत्तक घेतली होती. आता मुलगा हवा होता. मुलगा मिळेना. ‘श्रीवत्स’मध्ये त्यांच्यासमोर ही काही आठवड्यांची मुलगी आली आणि त्यांचा बेत बदलला. लैलाची लिसा झाली, मिशिगनहून केनियाला आणि तिथून सिडनीला गेली. पुढचे क्रिकेटवाल्यांना पाठ आहे: ऑस्ट्रेलियाची अष्टपैलू आणि कर्णधार, महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी पूर्ण करणारी पहिली खेळाडू, २००५ आणि २०१३ चे एकदिवसीय विश्वचषक, २०१० आणि २०१२ चे टी-ट्वेंटी विश्वचषक, आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान.

लिसा स्थळेकरची कहाणी समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते, तीही बहुधा मीठमसाला लावून. तिच्यातली खरी मोलाची बाब विश्वचषक नव्हे. फोटोवरून मुलगा मागवला असता तर मुलगाच गेला असता. ते जोडपे खोलीत येऊन उभे राहिले म्हणून मुलगी घरी गेली.

फोटोवरच्या व्यवहारात काय होऊ शकते ते १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी न्यायालयाला पत्र लिहून कळवले की, परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांची हेळसांड आणि सौदेबाजी चालते. त्या पत्रालाच याचिका मानून न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. आधी देशात घर शोधा, परदेश नंतर. परदेशी जोडप्याचा अर्ज त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच घ्या, तिने त्यांच्या घराची पाहणी केलेली असली पाहिजे. आणि मुद्द्याचे कलम असे: जन्मदात्या आईकडून बाळ जन्मण्यापूर्वी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत संमती मागू नका. संसदेत १९७२ आणि १९८० साली दत्तक विधेयके येऊन बारगळली होती. त्यामुळे कित्येक वर्षे हा निकाल हाच कायदा होता. १९९० मध्ये केंद्रात ‘कारा’ ही दत्तकाची यंत्रणा आली, २००३ मध्ये भारताने परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार मंजूर केला.

तरी गैरप्रकार थांबले नाहीत. पुण्यातल्या एका संस्थेच्या परदेशी दत्तकांची चौकशी सीबीआयकडे द्यावी लागली. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या एका तरुणाला आपल्या जन्माची कागदपत्रे पाहण्यासाठी मुंबई हायकोर्टाची पायरी चढावी लागली. अगदी अलीकडे स्वित्झर्लंडमधल्या झुरिक आणि थुरगाऊ या प्रांतांनी १९७३ ते २००२ मधल्या भारतीय दत्तकांचा अभ्यास करवून घेतला. त्याचे शीर्षकच ‘आई अज्ञात’ अशा अर्थाचे. बारकाईने तपासलेल्या प्रकरणांत जन्मदात्या आईच्या संमतीचा कागद सापडला नाही. आता प्रवासाची आणखी एक दिशा सुरू झाली आहे: चाळिशी-पन्नाशीची युरोपीय नागरिक असलेली ही मुले पुण्या-मुंबईच्या इस्पितळांत जुन्या वह्या शोधत येतात. त्यांना हवा असलेला कागद करण्याच्या वेळी ज्यांनी हयगय केली, त्यांना माफ करणे कठीण आहे. नेदरलँड्सने २०२४ मध्ये परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, त्याच वर्षी चीनने आपला दरवाजा जवळपास लावून घेतला.

भारताने दरवाजा लावला नाही, उंबरा उंच केला. मुले जास्त करून देशातच घरी जातात: २०२४-२५ मध्ये झालेल्या ४,५१५ दत्तकांपैकी ४,१५५ देशांतर्गत होते. परदेशी पालकांना आता सोबत्याकरवी मूल मागवता येत नाही. दत्तकाचा आदेश झाल्यावर मुलाला न्यायला त्यांनी स्वतः भारतात यायचे, असा नियम आहे. नंतर दोन वर्षे तिकडच्या संस्थेने मुलाचे अहवाल इकडे पाठवायचे. सप्टेंबर २०२२ पासून आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. त्यामुळे केदारखेड्याच्या जोडप्याचा आदेश मूल ज्या जिल्ह्यातले असेल तिथे निघतो. परदेशात स्थायिक झालेल्या काकाला इथला पुतण्या घ्यायचा असला तरी निव्वळ दत्तकपत्रावर तो नेता येत नाही. ‘कारा’चे ना-हरकत प्रमाणपत्र लागतेच.

केदारखेड्यातल्या जोडप्यालाही आता प्रवास चुकत नाही. ‘कारा’च्या पोर्टलवर नाव नोंदवायचे, घराची पाहणी होऊ द्यायची, मग वाट पाहायची. लहान बाळासाठी ही वाट तीन वर्षांहून लांबते. मुलाची माहिती आली की ४८ तासांत निर्णय कळवायचा. मूल ओडिशाचे असेल किंवा झारखंडचे, त्याची भाषा वेगळी असेल. गाडी पकडून त्याच्यापर्यंत जायचे ते आईबापांनीच.

ही प्रतीक्षा टाळण्यासाठी ओळखीच्या दवाखान्यातून, दायीकडून किंवा दलालाकडून बाळ ‘मिळवण्याचा’ मार्ग अजूनही सुचवला जातो. तो घेऊ नये. बाल न्याय कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपये दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. बाळ सांभाळणे अशक्य झालेल्या आईला बाल कल्याण समितीपुढे ते कायदेशीररीत्या सोपवता येते आणि ६० दिवसांत विचार बदलून परतही घेता येते. शेतात, मंदिरात किंवा बसस्थानकावर सोडलेले मूल दिसले, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा. पैसे पडत नाहीत.