ग्वाल्हेरचे बालसंशोधक

ग्वाल्हेर हे नाव आमच्या वाचकांस परके वाटण्याचे कारण नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर, महादजींच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर, त्यांच्यामागून उत्तरेत तलवार गाजविणारे लखबादादा लाड ही सारी शेणवी मंडळी शिंदेशाहीच्या चाकरीत मोठी झाली, आणि त्यांची नावे आजही आपल्या घरांतून अभिमानाने घेतली जातात. गायनाच्या निमित्ताने तर ग्वाल्हेरची आठवण नित्यच निघते. परंतु त्याच नगरीतून शाळकरी मुलांच्या शिक्षणासंबंधी जी एक कल्पना निघाली आणि देशभर गेली, तिचा उल्लेख आपल्याकडे क्वचित होतो. ती कल्पना म्हणजे बालविज्ञान काँग्रेस. मुलांनी शास्त्र केवळ पाठ न करता स्वतः एखादा प्रश्न उभा करावा, त्याचा शोध घ्यावा, आणि जे हाती लागेल ते चार जाणत्या माणसांसमोर उभे राहून सांगावे, एवढेच तिचे स्वरूप. सांगावयास हे सोपे आहे. करू देणे किती कठीण आहे, ते पुढे दिसेल.

ह्या कार्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. शाळेतील विद्यार्थ्यांकडून स्वतंत्र संशोधनाची अपेक्षा धरणारी मोठी स्पर्धा अमेरिकेत १९४२ साली सुरू झाली. आपल्या देशात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने १९६३ मध्ये विज्ञान-प्रज्ञाशोध योजना काढली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती व शिष्यवृत्त्या अवघ्या १० होत्या; दुसऱ्या वर्षी ती सर्व देशासाठी खुली होऊन शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. अकरावीच्या उमेदवाराने लेखी परीक्षा तर द्यावयाचीच, पण त्याखेरीज स्वतः केलेल्या प्रकल्पाचा वृत्तांतही सादर करावयाचा, असा त्या योजनेचा नियम होता. हा नियम आम्हांस फार मोलाचा वाटतो. १९७६ मध्ये योजनेचे रूप पालटले, विज्ञानाबरोबर इतर विषय आले, परीक्षा पर्यायी उत्तरांची झाली, आणि प्रकल्प गळाला. हजारो मुलांची चाचणी एका दिवसात उरकावयाची तर दुसरे काय होणार? परंतु ज्या एका भागात मुलाचे स्वतःचे काही होते, नेमका तोच भाग सोयीच्या नावाखाली गेला, हेही तितकेच खरे.

ह्याच सुमारास मध्य प्रदेशात निराळ्या वाटेने एक प्रयोग चालला होता. १९७२ साली किशोर भारती व रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगांवर आधारलेले विज्ञानशिक्षण आरंभिले. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ खेड्यांतील मास्तरांबरोबर जमिनीवर बसून काम करू लागले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने त्याची धुरा वाहिली. मुलांच्या पुस्तकाचे नाव होते 'बाल वैज्ञानिक'. परीक्षेला ते पुस्तक उघडून बसण्याची मुभा होती. मुलांनी आपल्या शंका 'सवालीराम' नावाच्या एका कल्पित गृहस्थास पत्राने कळवाव्यात आणि त्यांना उत्तर यावे, अशीही योजना होती. पत्रोत्तराचा हा प्रकार आम्हांस विशेष गोड वाटतो. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांची मेहनत एका आज्ञेने थांबली.

१९८७ मध्ये भारत जनविज्ञान जथा निघाला. देशाच्या पाच दिशांनी निघालेले जथे ७ नोव्हेंबर रोजी, चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या जन्मदिनी, भोपाळात एकत्र आले. विषारी वायूने तेथील हजारो माणसे बळी घेतली, त्याला त्या वेळी तीनच वर्षे होत होती. शास्त्र हे प्रयोगशाळेच्या भिंतींत ठेवण्याची वस्तू नव्हे, ही जाणीव त्या प्रदेशात अशा तऱ्हेने तीव्र झाली होती. ह्या वातावरणात ग्वाल्हेर सायन्स सेंटर ह्या संस्थेने मुलांची विज्ञान काँग्रेस भरविण्याची प्रथा पाडली. मोठ्यांची सायन्स काँग्रेस १९१४ पासून कलकत्त्यात सुरू झालेली होतीच. मग लहानांची का नसावी, हा तो साधा विचार. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या एन. सी. एस. टी. सी. नेटवर्कने ग्वाल्हेरचा हा उपक्रम उचलला, आणि १९९३ पासून तो राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस ह्या नावाने सर्व देशात सुरू झाला.

तिचे नियम पाहण्यासारखे आहेत. दहा ते सतरा वर्षांचे मूल तिच्यात भाग घेऊ शकते, मग ते शाळेत जात असो वा नसो. प्रारंभी एका गटात पाचपर्यंत मुले असत, पुढे ती संख्या दोनवर आली. प्रश्न आपल्या परिसरातला असावा, माहिती प्रत्यक्ष जाऊन गोळा केलेली असावी, रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी, आणि निष्कर्ष मोजक्या मिनिटांत मांडून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. झगमगीत दिव्यांच्या प्रतिकृतींना तेथे मान नाही. आधी जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्र अशा पायऱ्या आहेत. निबंध कोणत्याही मान्य भारतीय भाषेत वाचता येतो, ही गोष्ट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो. कोकणीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९९२ साली. म्हणजे ज्या वर्षी ही काँग्रेस राष्ट्रीय झाली, त्याच्या आदल्याच वर्षी. फोंड्याच्या मुलाने आपल्या तळीच्या पाण्याची गोष्ट कोकणीत सांगावी आणि ग्वाल्हेरच्या मराठी मुलाने ती ऐकावी, अशी व्यवस्था सरकारी कार्यक्रमांत वारंवार आढळत नाही.

आता 'संशोधन' हा शब्द लहान मुलांच्या संदर्भात वापरणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. त्यांच्यासाठी ग्वाल्हेरचेच एक जुने उदाहरण घेऊ. गेल्याच्या मागल्या शतकात शिंदे सरकारच्या नोकरीत विसाजी रघुनाथ लेले नावाचे गृहस्थ तेथे राहत होते. पेशाने ते ज्योतिषी नव्हते. परंतु पंचांगातील संक्रांत आणि आकाशातील सूर्य ह्यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी पाहिले व त्यावर आयुष्यभर वाद घातला. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांच्या साहाय्याने १८८० नंतरच्या दशकात सायन पंचांग निघू लागले. ह्यांपैकी दीक्षित हे शाळामास्तर. त्यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याच्या तोडीचा ग्रंथ त्या विषयावर कोणत्याही भाषेत तेव्हा क्वचितच असेल. सायन पंचांग समाजाने स्वीकारले नाही. आपल्या देवळांतील उत्सव आजही निरयन गणितानेच होतात, आणि ते तसे व्हावेत की नाही हा ह्या लेखाचा विषय नव्हे. मात्र लेल्यांनी उपस्थित केलेला प्रश्न कोणतेही तेरा वर्षांचे मूल अंगणात स्वतः तपासू शकते.

एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. भर माध्यान्ही, म्हणजे दिवसातली सर्वांत आखूड सावली पडते तेव्हा, तिची लांबी मोजावी. ग्वाल्हेरीस २१-२२ डिसेंबरच्या सुमारास ती सुमारे ११८ सेंटिमीटर भरेल, आणि मकरसंक्रांतीस, १४ जानेवारीच्या आसपास, सुमारे १०९. गोव्यात फोंड्याकडे हेच आकडे सुमारे ८१ व ७५ येतील. म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळतो असे जे आपण म्हणतो, तो प्रत्यक्षात तीन आठवड्यांपूर्वीच वळलेला असतो. प्राचीन काळी ह्या दोन गोष्टी जवळजवळ एकत्र होत्या. अयनचलनामुळे त्या हळूहळू, सुमारे बहात्तर वर्षांस एक अंश ह्या गतीने, दूर गेल्या.

पण हे उत्तर आम्ही येथे लिहिले, म्हणजे मुलाला ते कळले असे नव्हे. तो मोजू लागला की खऱ्या अडचणी सुरू होतात. सावलीची कड अस्पष्ट असते. नेमकी कोठे खूण करावी? घड्याळातले बारा म्हणजे माध्यान्ह नव्हे, हे त्याला चारपाच दिवसांत उमगते. डिसेंबरच्या अखेरीस सावली रोज इतकी थोडी बदलते की सर्वांत लांब दिवस कोणता हे ठरविता येत नाही; तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या समान लांबीच्या सावल्या शोधून मधला दिवस काढावा, ही युक्ती सुचावी लागते. त्यातून ग्वाल्हेरचे धुके! त्या दिवसांत सूर्य कधी कधी दिवसभर दिसत नाही. अशा वेळी वहीत 'धुके, मोजता आले नाही' एवढेच लिहावयाचे, अंदाजाने आकडा भरावयाचा नाही. सगळे शिक्षण, आमच्या मते, त्या रिकाम्या ओळीत आहे. शेजारच्या गटाचा आकडा उतरवून घेण्याचा मोह ज्याने टाळला, त्याला शास्त्र म्हणजे काय ह्याचा निम्मा पाठ मिळाला.

ह्या कामाला साधनेही फार लागत नाहीत. उज्जैनची जयसिंगाची वेधशाळा ग्वाल्हेर संस्थानाच्या हद्दीत होती. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे ह्यांच्यासारख्या गणित्याने तेथे काम पाहिले. तिचे शंकुयंत्र म्हणजे अखेर एक उभा शंकूच. त्या यंत्रापुढे उभे राहून माहिती ऐकणारी मुले पुष्कळ. घरी परतल्यावर काठी रोवणारी किती?

येथेच खरा अडथळा आहे, आणि तो पैशाचा नाही. मुलाने स्वतः मोजले की ते कधीतरी येऊन विचारणारच : "अण्णा, तुम्ही तर संक्रांतीला सूर्य वळतो म्हणाला होतात!" ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यावयाचे, ह्याची तयारी शिक्षकाची असावी लागते आणि घरच्या वडिलांचीही. आपल्या समाजात विद्येचा मान मोठा आहे. परंतु पुष्कळदा तो उत्तरांचा मान असतो, प्रश्नांचा नव्हे. दीक्षितांच्या काळीही सनातनी मंडळी रुष्ट झाली होतीच. तरीही त्या वादात दोन्ही पक्षांनी गणित मांडले, ही गोष्ट विसरता कामा नये. वडील माणसाने "तू मोजलेस ना? दाखव तुझी वही" एवढे म्हटले, तरी पुरे.

बालविज्ञान काँग्रेसचे दोषही सांगितले पाहिजेत. दर दोन वर्षांसाठी एक मुख्य विषय वरून ठरून येतो : २०१० साली भूमी, २०१२ साली ऊर्जा, २०१४ साली हवामान. विषय चांगले आहेत, पण मुलाचे कुतूहल दिल्लीच्या वेळापत्रकाने चालत नाही. ज्याला मुंग्यांच्या रांगेचे वेड लागले आहे, त्याने ऊर्जेच्या वर्षी काय करावे? दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वृत्तांत पुष्कळदा मार्गदर्शकाच्या हातचा असतो. भाषा इतकी प्रौढ की वाचताक्षणी कळते. मुंबईत विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालविलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृतिसंशोधनाची पायरी आहे, आणि तिच्याभोवती शिकवण्यांचे पीक आले आहे. आईबापांनी केलेला प्रकल्प घेऊन मुलाला पारितोषिकासाठी उभे करणे म्हणजे त्याला शास्त्राच्या नावाने खोटे बोलावयास शिकविणे होय; आम्ही ह्याहून सौम्य शब्द वापरू इच्छीत नाही. परीक्षकाने नोंदवही हाती घ्यावी, मधलेच एखादे पान उघडावे व "ह्या दिवशी तू काय केलेस?" असे विचारावे. खरे काम केलेले मूल तेव्हा बोलू लागते, आणि बराच वेळ थांबत नाही.

२०२५ च्या जानेवारीत ही काँग्रेस पुन्हा मध्य प्रदेशात, भोपाळ येथे भरली; ते तिचे एकतिसावे अधिवेशन होते. मोठ्यांची सायन्स काँग्रेस मात्र २०२३ च्या नागपूर अधिवेशनानंतर खंडित झाली आहे. गोव्यातील आणि कारवारपट्टीतील आमच्या वाचकांपैकी अनेकजण शाळांच्या व देवस्थानांच्या समित्यांवर आहेत. देवळाच्या तळीला पायऱ्या असतात. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत दर पंधरवड्यास पाणी कितव्या पायरीवर आहे हे दोन मुलांनी लिहून ठेवावयाचे ठरविले, तर समितीने त्यांना एक वही द्यावी आणि तळीवर उतरण्याची परवानगी. वैशाख अमावास्येस ती वही कार्यालयात मागवून घ्यावी, व जुन्या पुजाऱ्यांस पूर्वीच्या उन्हाळ्यांत पाणी कोठवर असे हे त्या मुलांनाच विचारू द्यावे.