सोमवारची रात्र आणि ब्रिक लेनची गल्ली

ईद-ए-मिलादचा जुलूस होऊन दोन दिवस झाले होते. नववीच्या वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, डीजे हराम आहे का?" वर्ग हसला. मी त्यालाच उलट विचारलं, "डीजे म्हणजे काय ते आधी सांग." तो म्हणाला, "तोच ना सर, ट्रकवरचा. मोठ्या स्पीकरचा."

त्याचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे गणपती असो, उरूस असो, वरात असो की जुलूस, डीजे म्हणजे स्पीकरची भिंत. ती वाजवणारा माणूस कुणाला ठाऊक नसतो. मूळ शब्द मात्र माणसाचा आहे. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजवणारा, एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात लोकांना नेणारा. मी त्या मुलाला सांगितलं की हराम-हलालचं मौलानांना विचार, मी भाषेचा मास्तर आहे. पण डीजे या शब्दामागे एक गोष्ट आहे आणि तिच्यात आपली माणसं आहेत. ती उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी वर्गात जे सांगितलं, ते इथे थोडं सविस्तर लिहितो आहे.

गोष्ट लंडनची आहे. त्या शहराच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाची गल्ली आहे. तिच्या एका कोपऱ्यावर एक इमारत आहे. 1743 साली ती बांधली फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी, चर्च म्हणून. पुढे ती मेथडिस्ट लोकांकडे गेली. 1898 साली तिथे ज्यूंचं सिनेगॉग झालं. आणि 1976 साली तीच इमारत जामे मशीद झाली. भिंती त्याच राहिल्या आणि आत प्रार्थना करणारे बदलत गेले. जो सगळ्यात नवा आणि सगळ्यात गरीब, तो या गल्लीत यायचा.

सत्तरच्या दशकात तो नवा माणूस बंगाली मुसलमान होता, बहुतेक सिल्हेट जिल्ह्यातला. सिल्हेटचा लंडनशी संबंध जहाजांतून आला. इंग्रजांच्या आगबोटींवर कोळसा टाकणारे, भांडी घासणारे, दोर ओढणारे खलाशी तिथून भरती व्हायचे. आपल्या कोकणातले, रत्नागिरीकडचे मुसलमानही अशाच बोटींवर होते. अनेक घरांत आजही बोटीवर गेलेल्या आजोबा-पणजोबांची आठवण निघते. या खलाशांना इंग्रज 'लास्कर' म्हणत. हा आपलाच शब्द आहे. फारसी 'लश्कर', मराठीत 'लष्कर', आणि साहेबाच्या तोंडी 'लास्कर'. शब्द सैन्याचा, काम हमालाचं. त्यांतले काही लंडनच्या गोदीत उतरले ते परत बोटीवर चढलेच नाहीत. त्यांच्या मागून भाऊ आले, पुतणे आले, शेवटी बायकामुलं आली. शिवणकामाचे आणि चामड्याचे कारखाने, हॉटेलांची स्वयंपाकघरं हीच त्यांची रोजी.

मुलं तिथल्या शाळांत जाऊ लागली आणि रस्त्यावर मार खाऊ लागली. नॅशनल फ्रंट नावाचा वर्णद्वेषी पक्ष ब्रिक लेनवर उभा राहून आपला अंक विकायचा. 4 मे 1978 या दिवशी अल्ताब अली नावाचा तरुण कामगार काम संपवून घरी निघाला होता. एडलर स्ट्रीटजवळ त्याला भोसकून मारलं. मारणारे कोवळ्या वयाचे होते आणि त्यांची त्याच्याशी ओळखही नव्हती. दहा दिवसांनी सुमारे 7000 माणसं त्याच्या जनाज्यामागून पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेली. त्याआधी मान खाली घालून जगणारा समाज त्या दिवसापासून बदलला, असं तिथली जुनी माणसं मानतात. ज्या बागेजवळ तो पडला, तिला 1998 साली त्याचं नाव दिलं.

आता डीजेकडे येतो.

या मुलांना रात्री शहरातल्या क्लबमध्ये जायचं म्हटलं तर दोन दारं बंद होती. एक घराचं. अम्मी-अब्बांना रात्रीचा क्लब म्हणजे दारू आणि बेशरमी वाटायची, आणि त्यांची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. मी स्वतः बाप आहे. दुसरं दार क्लबचं. दारावरचा माणूस चेहरा बघून 'आज जागा नाही' म्हणायचा. यातून ऐंशीच्या दशकात 'डेटाइमर' निघाले. म्हणजे दिवसाढवळ्या भरणारे नाचाचे कार्यक्रम. मुली सकाळी शाळेच्या कपड्यांत निघायच्या, स्वच्छतागृहात कपडे बदलायच्या, दुपारी भांगड्यावर नाचायच्या आणि संध्याकाळी दप्तर घेऊन घरी. फक्त मुसलमान नव्हे, शीख आणि हिंदू घरांतलीही मुलं यात होती. कुणाच्याच घरात परवानगी नव्हती, त्यामुळे सगळे एका पातळीवर आले. या दुपारींनी डीजेंची एक पिढी घडवली.

ब्रिक लेनच्या परिसरात फारूक आणि हारून शमशेर हे दोन भाऊ वाढले. वडील बासरी वाजवणारे. या भावांनी ऐंशीच्या दशकात 'जॉय बांगला' नावाने साउंड सिस्टिम काढली. साउंड सिस्टिम ही कल्पना जमैकाच्या काळ्या लोकांची. स्वतःचे स्पीकर, स्वतःच्या तबकड्या आणि जिथे उभे राहू तिथे आपली मैफल. आपल्या ट्रकवरच्या डीजेचा हा दूरचा चुलताच म्हणा. शमशेर भावांना बंगाली पोरांना सांगायचं होतं की तुमच्या घरात वाजणाऱ्या सुरांची लाज बाळगू नका. ते बंगाली लोकगीतांचे तुकडे घ्यायचे आणि खाली यंत्राचा ठेका टाकायचे.

याच परिसरात सॅम झमान याने 'स्टेट ऑफ बंगाल' नावाने काम सुरू केलं. त्याचा धाकटा भाऊ दीदार 1993 साली सुरू झालेल्या 'एशियन डब फाउंडेशन'मध्ये रॅप करू लागला. हा गट संगीत शिकवणाऱ्या एका सामाजिक कार्यशाळेतून निघाला. शिकवणारे आणि शिकणारे मिळून एक बँड झाला. मास्तर म्हणून मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

आणि मग 1995 साली 'अनोखा' सुरू झाला.

ब्रिक लेनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर हॉक्स्टन स्क्वेअर आहे. तेव्हा तो भाग ओसाड होता, रिकाम्या गोदामांचा. तिथे 'ब्लू नोट' नावाचा क्लब होता. तलविन सिंग हा लंडनमध्ये जन्मलेला, पंजाबात जाऊन तबला शिकून आलेला तरुण. 1993 साली आलेल्या ब्योर्कच्या 'डेब्यू' या अल्बममध्ये त्याचा तबला आहे. त्याने आणि स्वीटी कपूर यांनी ब्लू नोटमध्ये सोमवारची रात्र घेतली. क्लबवाल्यांच्या हिशेबात सोमवार हा मेलेला वार. शनिवार मागून कुणी दिला नसता. नाव ठेवलं 'अनोखा'. हा शब्द हिंदीत आहे, उर्दूत आहे, मराठीतही चालतो. लंडनच्या क्लबच्या दारावर आपल्या भाषेतला शब्द, भाषांतर न करता, हे तेव्हा नवीनच होतं.

त्या रात्रीची रचना समजून घेण्यासारखी आहे. यजमान ठरलेले, पण डीजे पाहुणे म्हणूनही यायचे. पाहुणा डीजे आपल्या तबकड्यांची पेटी घेऊन येतो. समोर दोन टर्नटेबल आणि मध्ये मिक्सर. एका टर्नटेबलवर गाणं चालू असतं, ते सगळ्यांना ऐकू जातं. दुसरीवरचं गाणं तो एका कानाला हेडफोन लावून एकटाच ऐकतो. दोन्हींचा वेग जुळवण्यासाठी बाजूला एक सरकती पट्टी असते. ती तबकडीचा वेग शेकडा आठपर्यंत कमी-जास्त करते. सम जुळली की दुसरं गाणं हळूच आत सोडायचं. नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. साथीला बसलेला तबलजी जसा गवयाच्या समेवर नजर ठेवून असतो, तसंच हे काम. मागचा पाहुणा जिथे सोडून गेला, तिथूनच पुढच्याने उचलायचं असतं.

तिथे वाजायचं ते बरंचसं 'ड्रम अँड बेस'. हाही लंडनच्या गरीब, बहुतांशी काळ्या वस्त्यांतून आलेला प्रकार. मिनिटाला 160 ते 180 ठोके आणि खाली संथ, जाड खर्ज. याचा एक मोठा आधार म्हणजे 1969 सालच्या एका अमेरिकन गाण्यातला ड्रमचा जेमतेम सात सेकंदांचा तुकडा. हजारो गाण्यांत तो कापून, उलटसुलट करून वापरला गेला. वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याचं मानधन कधी मिळालं नाही. द्रुत तीनताल ऐकून ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला हा वेग परका वाटत नाही. वर चाट धावते, खाली डग्गा सावकाश घुमतो. तलविन सिंगने तबल्याला इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडून तो या ठेक्याच्या शेजारी बसवला. दोन्ही एका घरातले वाटले.

1997 साली या रात्रीच्या नावाने एक संग्रह निघाला आणि 'एशियन अंडरग्राउंड' हा शिक्का वर्तमानपत्रांत रुळला. त्याच सुमारास 'आउटकास्ट' नावाची एक रेकॉर्ड कंपनीही याच संगीतासाठी निघाली होती. तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'जात' हा शब्द बसवला होता. मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. 'बहिष्कृत भारत' हे नाव आपल्याकडे 1927 सालीच छापलं गेलं होतं.

या संगीताचे धागे आपल्याकडेही पोचले. 2000 च्या सुमारास 'तबला बीट सायन्स' नावाचा गट जमला. त्यात तलविन सिंग होता, माहीमचे उस्ताद झाकिर हुसेन होते, शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू होते, आणि अमेरिकेत वाढलेला कर्ष काळेही होता.

आता या गोष्टीतलं एक साल मला पुढे ठेवायचं आहे. 1999.

त्या वर्षी तलविन सिंगच्या 'ओके' या अल्बमला मर्क्युरी पुरस्कार मिळाला. ब्रिटनमध्ये या पुरस्काराला मोठा मान आहे. क्लबमधल्या सोमवारपासून निघालेला तबला तिथे जाऊन पोचला. त्याच वर्षी 24 एप्रिलला ब्रिक लेनवर बॉम्ब फुटला. एका नवनाझी तरुणाने खिळे भरलेला बॉम्ब बंगाली लोकांसाठी ठेवला होता. आठवडाभर आधी त्याने ब्रिक्स्टनमध्ये काळ्या लोकांच्या वस्तीत तेच केलं होतं. ब्रिक लेनवर जीव गेला नाही, पण माणसं जखमी झाली. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये हारून शमशेर हृदयविकाराने गेला. वय 34. तो नुकताच बांगलादेशातून आणि भारतातून ध्वनिमुद्रणं करून आला होता. फारूकने ती वापरून पुढच्या वर्षी अल्बम काढला. नाव ठेवलं 'वुई आर थ्री'. एक भाऊ नाही आणि नाव 'आम्ही तिघं'. सॅम झमानही 2015 साली गेला.

पुरस्कार आणि बॉम्ब एकाच वर्षात, एकाच समाजाच्या वाट्याला. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, बहुसंख्य समाज आवाज लवकर स्वीकारतो, माणूस उशिरा. लंडनच्या फॅशनवाल्यांना टिकली, मेंदी आणि तबला आवडून गेला. ज्याच्या घरातून तो आला, तो शेजारी आवडेलच असं नव्हतं. फॅशन ओसरली तशी सोमवारची रात्रही इतिहासात गेली. हॉक्स्टनची भाडी वाढली, गोदामांत महागडी घरं झाली. 2001 च्या सप्टेंबरनंतर तर 'एशियन' हा शब्दच विस्कटला. कालपर्यंत एका स्टेजवर असलेल्यांना आता विचारलं जाऊ लागलं, तू त्यातला मुसलमान की दुसरा कुणी?

हे इंग्लंडपुरतं आहे असं समजू नये. आपल्याकडे गझल सगळ्यांना हवी असते. कव्वालीला गर्दी होते, शेरवानी लग्नात लागते, रमझानमध्ये मोहम्मद अली रोडच्या मालपुव्यासाठी रांग लागते. पण तेच नाव सांगून भाड्याने घर मागितलं की 'मालकांना विचारून कळवतो'. मी हे तीनदा ऐकलं आहे. तिसऱ्या वेळी तर समोरच्या गृहस्थांनी फोन ठेवण्याआधी माझ्या उर्दू उच्चारांचं कौतुक केलं होतं.

वर्गात मी हे शेवटचं सांगितलं नाही. नववीच्या मुलांना ते आयुष्य शिकवीलच. मी एवढंच सांगितलं की डीजे म्हणजे ट्रक नव्हे. डीजे म्हणजे एका कानाने लोकांचं आणि दुसऱ्या कानाने पुढचं ऐकणारा माणूस. कानठळ्या बसवणारा, आजाऱ्याची झोप मोडणारा ट्रक कुणाच्याही जुलुसात वाईटच. आपल्या नबींच्या नावाने तर नकोच.

मागच्या बाकावरचा तो मुलगा तास संपल्यावर माझ्या टेबलाशी आला. "सर, त्या अल्ताब अलीचं वय किती होतं?"

मी म्हटलं, "पंचविशीतला होता."

तो म्हणाला, "माझ्या भाईएवढा." आणि दप्तर उचलून गेला.